हनुवटीला लावलेला वाडगा

थोरलीला ऐकू येत नाही हे घरात सगळ्यांना माहीत होतं, कारखान्यात सगळ्यांना माहीत होतं, कोपऱ्यावरच्या दुकानदारालाही माहीत होतं. फक्त थोरलीला ते माहीत नाही असं सगळ्यांनी धरून चालायचं, हा थोरलीचा हुकूम होता. तोंडाने दिलेला नव्हता, पण तिचे निम्मे हुकूम बिनतोंडाचेच असायचे.

कान एकदम गेले नाहीत. सहा वर्षांपूर्वी आधी भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक गेली. तिला वाटलं घड्याळ बिघडलं. दुरुस्तीला पाठवलं, ते होतं तसंच परत आलं, तर तिने दुरुस्तीवाल्याला लबाड ठरवला. मग दारावरची थाप गेली. मग नातीचं बोलणं गेलं, कारण नातीचा आवाज बारीक. शेवटी मुलाचा घोगरा आवाजही भिंतीपलीकडून आल्यासारखा यायला लागला. सुनेचा आवाज नेमका कधी गेला ते तिला सांगता आलं नसतं. सून मुळातच चार शब्दांच्या जागी दोन बोलणारी.

पण थोरलीने एकदाही कोणाला "काय?" म्हणून विचारलं नाही. मान हलवायची, "बरं" म्हणायचं, आणि समोरच्याचा चेहरा पडला की "बघू" म्हणायचं. एवढ्या तीन गोष्टींवर माणसाचा संसार चालतो हे तिला आधी ठाऊक असतं तर तिने तरुणपणी घसा कोरडा केला नसता. जेवायला बसलं की सगळ्यांचे ओठ हलायचे, मध्येच सगळे हसायचे. हसणं ओसरताना तिने वर बघितलं, की कोणीतरी हात झटकून म्हणायचं, "काही नाही, आई." हे दोन शब्द तिला ओठांवरून वाचता यायला लागले होते. बाकी काही नाही आलं, तरी "काही नाही" यायचं.

घराने तिच्यासाठी एक खूण काढली होती. चहा ठेवला, ताट वाढलं, की टेबलावर दोन बोटांनी दोनदा ठोकायचं. थोरलीच्या कोपरांना ते कळायचं. सोय चांगली होती, पण त्या खुणेपायी बोलणं तेवढं उरलंच नाही. दिवसचे दिवस तिच्याशी कोणी बोलायचं नाही, नुसतं ठोकायचं.

कारखाना घराच्या मागेच होता. चिनी मातीचे वाडगे, कप, बरण्या. चाकावर मुलगा बसायचा. भट्टीवर तिच्या नवऱ्याच्या वेळचा म्हातारा भट्टीवाला. बांधाबांध सुनेकडे. आणि या सगळ्यांच्या शेवटी, फळ्यांच्या पडदीला लागून, एक टेबल आणि एक उंच स्टूल. त्या स्टुलावर थोरली.

भट्टीतून निघालेला प्रत्येक नग तिच्या पुढ्यात यायचा. वाडगा डाव्या हाताच्या तीन बोटांवर तोलायचा, उजव्या हातातल्या लाकडी कांडीने काठाला हलकासा टोला द्यायचा, आणि ऐकायचं. धड वाडगा खणखणीत वाजतो. वाजून थांबत नाही, लांब जात राहतो, कोणी रस्त्याने गुणगुणत दूर जावं तसा. तडा गेलेला वाजतो बद्द, कोणी तोंडावर हात दाबल्यासारखा. डोळ्याला न दिसणारा केसाएवढा तडा असला तरी आवाज चहाडी करतो. धड निघालेला नग पडदीतल्या खिडकीतून पलीकडे सरकवायचा. तिथे सून तो पेंढ्यात गुंडाळून खोक्यात भरायची.

आणि बद्द वाजला, तर तिथल्या तिथे हातोडीने फोडायचा. बाजूला ठेवायचा नाही, कोणाला दाखवायचा नाही, पुन्हा वाजवायचा नाही. हा नियम थोरलीच्या सासूने घालून दिलेला. बाजूला ठेवलेलं भांडं हळूच चांगल्यात जाऊन बसतं, माणसाचा जीव हळहळतोच. म्हणून स्टुलावरच्या बाईचा शब्द एकच आणि तोच शेवटचा. बेचाळीस वर्षं तो थोरलीचा होता.

घरात आता तिच्या शब्दासाठी कोणी अडून राहत नव्हतं. भिंतीला रंग कोणता, नातीला शाळा कोणती, पाहुण्यांना कधी बोलवायचं, सगळं परस्पर ठरायचं. इथे मात्र भट्टी उघडली की भट्टीवाला हात पुसत उभा राहायचा, चाक थांबवून मुलगा मान वळवायचा. तिच्या कांडीकडे बघत राहायचे सगळे. थोरलीचं सगळं गेलं असतं तरी चाललं असतं. स्टूल गेलं असतं तर ती माणसांतून उठली असती.

आता कोणीही विचारील, की कान गेलेली बाई वाडगे ऐकायची कशी? तर ऐकत नव्हतीच.

चार वर्षांपूर्वी एके दिवशी कांडीचा टोला दिला आणि काहीच आलं नाही. दुसरा दिला, नाही. मुलगा बघत होता म्हणून तिने नीट निरखायचं सोंग करून वाडगा तोंडाजवळ आणला, त्याचा तळ हनुवटीला टेकला, आणि त्याच झटक्यात अजून एक टोला दिला. वाडगा थरथरला. ती थरथर हनुवटीच्या हाडातून दातांपर्यंत गेली आणि बराच वेळ रेंगाळली. दुसरा घेतला. त्याची थरथर उठली आणि जागच्या जागी मेली. तो तिने फोडला. आत तपकिरी रेघ होती. तेव्हापासून प्रत्येक नग निरखायचं सोंग करून ती तो चोरून हनुवटीला टेकवायची.

मग तिला आठवलं, की सासूही शेवटच्या वर्षांत वाडगा असाच हनुवटीला लावायची. तेव्हा तरुण थोरली तिची नक्कल करून भट्टीवाल्याला हसवायची. म्हातारी भांड्याचे मुके घेते म्हणायची. सासूने कधी कारण सांगितलं नव्हतं. आता ते कळलं होतं, आणि ते कोणाला सांगायची सोय नव्हती.

तर असं चाललं होतं आणि चाललंही असतं. मध्येच ते दाराचं झालं.

थंडीचे दिवस. सुनेला ताप होता. ती दवाखान्यात जाऊन परत आली तेव्हा घराला आतून कडी होती, आणि आत एकटी थोरली भाजी निवडत बसलेली. सून दीड तास दार ठोकत होती. शेवटी पायरीवर बसून राहिली. मुलगा माल पोचवून आला तेव्हा तिचे दात वाजत होते. त्याने खिडकीतून काठी घालून आईच्या खांद्याला टोचली.

सून त्यावर एक शब्द बोलली नाही. आत आली, अंगावर घोंगडं घेऊन पडली. तिने आदळआपट केली असती तर थोरलीकडे उत्तर तयार होतं. गप्प माणसाला काय उत्तर द्यायचं? दुसऱ्या दिवशी थोरली मुलाला म्हणाली, "तू फार दिवस मागे लागला आहेस म्हणून. नाहीतर मला काही गरज नाही." मुलगा सहा महिन्यांत त्या विषयावर बोलला नव्हता. पण तो लगेच चपला घालायला उठला.

कानाची मशीनं बसवणारी ती कानवाली पंचविशीतली पोरगी. तिने थोरलीला एका छोट्या खोलीत बसवलं, कानांवर टोप्या चढवल्या, बटणं दाबायला लावली, आणि शेवटी कानामागे दोन भुरकट बिया बसवल्या.

"आजी, येतं का ऐकू?"

"ओरडू नकोस. बहिरी आहे का मी?"

पहिला आठवडा नुसता गोंगाटाचा. स्वतःच्या पावलांचा आवाज, कागदाचा आवाज, नळाचा आवाज. चमचा ताटावर पडला की काळजात जायचा. पण त्याहून वाईट होती ती शिट्टी. शाल डोक्यावरून घेतली की शिट्टी. उशीला कान टेकला की शिट्टी. दुकानात कानाशी हात नेला तर चार माणसं वळून बघायला लागली. थोरलीसारखी बाई, आणि रस्त्यातून शिट्ट्या मारत जाते! ती तडक कानवालीकडे गेली.

"हे बंद कर. अजिबात वाजता कामा नये."

"आजी, थोडी तर येणारच. मशीनचाच आवाज परत मशीनमध्ये शिरतो, म्हणून..."

"मला कारणं नकोत. बंद म्हणजे बंद."

कानवालीने मशीन संगणकाला जोडलं, काहीतरी खालीवर केलं. "एकदम कडक केलं. आता शिट्टी उठायच्या आत मारून टाकेल."

"हे आधीच करायला काय झालं होतं?" म्हणून थोरली ताठ मानेने घरी आली.

घरी एक गोष्ट तिच्या लक्षात आली, आणि ती तिने कोणापाशी बोलून दाखवली नाही. आता ऐकू येत होतं, पण ऐकायला काही नव्हतं. सगळ्यांची सवय मोडली होती. सून चहा ठेवायची आणि दोनदा ठोकायची. नात शेजारून जाताना हात हलवायची. संध्याकाळी चौघं टेबलाशी बसली की तिघं आपसांत बोलायची. तिला वाटायचं, इतकी वर्षं हे काय काय बोलत असतील! तर बोलत काय होते? नळ गळतो. मोजे सापडत नाहीत. उद्या लवकर उठव. एवढ्यासाठी ती सहा वर्षं झुरली होती. आणि तरी, तिला उद्देशून "नळ गळतो" एवढंसुद्धा कोणी म्हणालं नाही.

मग ती कारखान्यात गेली. मागच्या भट्टीतले तीसेक कप उरले होते. मशीन कानात होतं, पण हात सवयीने चालले: कप तोलायचा, हनुवटी, टोला, खिडकीतून पलीकडे.

टक.

पलीकडून आवाज आला. तिने दुर्लक्ष केलं. पुढचा कप सरकवला.

टक.

थोरलीने हात थांबवले. पलीकडे शांत. तिने एक कप न वाजवताच सरकवला. क्षणभर काही नाही, आणि मग टक. लाकडाचा, काठावर. बेचाळीस वर्षं जो टोला स्वतःच्या हाताने दिला तो तिला झोपेतही ओळखता आला असता.

ती स्टुलावरून उतरली आणि पडदीला वळसा घालून पलीकडे गेली. सून पेंढ्याच्या ढिगात बसली होती. डाव्या हाताच्या तीन बोटांवर कप, उजव्या हातात कांडी.



"किती दिवस?" थोरली म्हणाली.

सुनेने कांडी खाली ठेवली. "दोन वर्षं."

"मुलाला माहीत आहे?"

"त्यांनीच सांगितलं."

"आणि भट्टीवाला?"

सून पेंढा सारखा करायला लागली. म्हणजे त्यालाही. म्हणजे दोन वर्षं हा हात पुसत उभा राहायचा, तो थोरलीच्या कांडीकडे बघत, आणि कान मात्र पडदीपलीकडे.

"किती फुटके निघाले?" हा प्रश्न तिच्या ओठांवर आला होता. तिने तो गिळला. उत्तर काहीही आलं असतं तरी पचलं नसतं.

"बरं," म्हणून ती परत आली.

त्यानंतरची भट्टी आठ दिवसांनी उघडली. एका खानावळीचे दोनशे चाळीस वाडगे होते. थोरली पहाटेच उठून, न्हाऊन, मशीन लावून स्टुलावर जाऊन बसली. मनाशी ठरवलं होतं: आता हनुवटी नाही. ती चोरवाट झाली. आता कान आहेत. चारचौघांच्या देखत, हात लांब धरून वाजवीन, आणि पलीकडचीच्या आधी सांगीन.

पहिला वाडगा घेतला. टोला दिला. टोला स्वच्छ ऐकू आला, आणि त्याच्या मागून आवाज उठतो न उठतो तोच कापत कापत विझला. बद्द. तिने फोडला.

दुसरा, बद्द. फोडला. तिसरा तसाच. दहाव्यानंतर मुलाने चाक थांबवलं. विसाव्यानंतर भट्टीवर बडबड सुरू झाली. थोरलीच्या मनात एकच होतं: बघा, कान असले की काय काय सापडतं. दोन वर्षं मागून वाजवणारीला हे सापडलं असतं का? हातोडी चालत राहिली. सदतिसाव्याला भट्टीवाला येऊन टेबलासमोर उभा राहिला.

"वहिनी, माझ्या भट्टीने तुमचं काय घोडं मारलंय?"

"भट्टीला विचारा. आच चुकली तुमची. वय झालं, डोळे गेले."

"डोळे जागेवर आहेत माझे." त्याने खाली वाकून एक तुकडा उचलला. मोडलेली कड पांढरीशुभ्र होती. दुसरा उचलला, तोही पांढरा. "तड्यात झिलई उतरून तपकिरी रेघ येते. कुठाय रेघ? एकात तरी दाखवा."

त्याने अख्खा वाडगा उचलला, कांडी तिच्या हातातून घेतली आणि वाजवला. तिच्या हातातून कांडी घ्यायची हिंमत बेचाळीस वर्षांत कोणी केली नव्हती.

"ऐका."

"बद्द आहे."

त्याने पुन्हा वाजवला. वाडगा वाजत असताना थोरलीने त्यांचे चेहरे बघितले. भट्टीवाला दूर जाणाऱ्या कशाच्या तरी मागोमाग जावं तसा मान कलती करून उभा होता. मुलगाही. सून खिडकीत आली होती, तीही. तिघंही अजून ऐकत होती. थोरलीचं कधीच संपलं होतं.

"तू सांग," ती सुनेला म्हणाली. सून खाली बघायला लागली. "बोल की. मागून तर बरं वाजवतेस."

"चांगला आहे, आई."

थोरली उठली. भट्टीवाल्याच्या हातातला वाडगा घेऊन तशीच घरात गेली. खोलीचं दार लावून तिने दोन्ही कानांतून मशीन काढलं, वाडगा हनुवटीला लावला आणि नखाने टिचकी मारली. थरथर दातांत शिरली आणि जाईचना. धड होता. म्हणजे सदतीसही धडच होते.

रात्री जेवताना मुलगा म्हणाला, "आई, आता पुरे कर. खूप केलंस. घरी आराम कर."

मशीन नसतं तर तिने मान हलवून "बरं" म्हटलं असतं आणि सकाळी उठून स्टुलावर जाऊन बसली असती. पण ते शब्द एकेक करून कानात पडले, नळाच्या थेंबांसारखे. सहा वर्षांत त्याने तिच्याशी बोललेलं पहिलं पुरं वाक्य.

"बघू," ती म्हणाली.

सकाळी पिशवीत वाडगा घालून ती कानवालीकडे गेली आणि तिच्या टेबलावर तो आदळायचाच काय तो बाकी ठेवला. "हे मशीन खोटं बोलतं."

कानवालीने वाडगा वाजवला. तिचा चेहरा बदलला. मग तिने खुर्ची पुढे ओढली.

"आजी, शिट्टी कशी असते? लांब, एकसारखी. आपण मशीनला सांगितलं, की असा लांब, एकसारखा आवाज आला की तो मार. तुमचा चांगला वाडगा तसाच वाजतो. मशीनला वाटतं आपलीच शिट्टी. फुटका लांब वाजतच नाही, म्हणून त्याला ते हात लावत नाही."

बंद म्हणजे बंद, असं कोणी म्हटलं होतं ते दोघींनाही आठवत होतं. पोरगी भली, तिने तो विषय काढला नाही.

"म्हणजे जेवढा वाडगा धड, तेवढा तो मला फुटका," थोरली म्हणाली.

"हो. आपण ते सैल करू. मग शिट्टी येईल अधूनमधून."

तिने सैल केलं. थोरलीने टिचकी मारली. वाडगा वाजला आणि लांब गेला. चार वर्षांनी. तिने पुन्हा मारली, पुन्हा, पुन्हा. पाचव्या वेळी बाहेर बसलेल्या माणसाने आत डोकावून बघितलं. आवाज होता, पण बारीक, पत्र्याचा, कोणीतरी खऱ्या आवाजाची नक्कल करावी तसा. तिच्या डोक्यात जो होता तो हा नव्हे.

"केसाएवढा तडा कळेल का याच्यातून?"

कानवालीने खोटं बोलायचं मनात आणलं, आणि सोडून दिलं. "खात्री नाही देऊ शकत, आजी."

"मग आधी तसं म्हणायचं. वाडगा ठेव तुला. चहा पी त्याच्यात."

दुसऱ्या दिवशी उरलेले वाडगे आणि सदतिसांच्या बदली जुन्या साठ्यातून काढलेले, सगळे टेबलापाशी रचून ठेवले होते. स्टुलावर कोणी बसलं नव्हतं. मुलगा काहीतरी बोलायला पुढे आला, पण आईचं तोंड बघून चाकाकडे परतला. थोरली पडदीपलीकडे गेली, सुनेचं बुटकं स्टूल पेंढ्यातून ओढून काढलं, आणि टेबलाशी आणून आपल्या स्टुलासमोर आपटलं.

"ये इकडे. मागे बसून चोरासारखं कशाला वाजवतेस?"

"आई, मी तिथेच..."

"तिथे उंदीर बसतात. इथे बस."

सून येऊन बसली. थोरलीने कानांमागून मशीन काढलं, डबीत ठेवलं, डबी टेबलावर ठेवली. कारखाना बंद झाला. चाक फिरत होतं, बिनआवाजाचं. भट्टीवाला काहीतरी म्हणाला, बिनआवाजाचं. मग सगळ्यांच्या देखत तिने वाडगा उचलला, तळ हनुवटीला टेकला आणि टोला दिला. चार वर्षं जे लपवलं ते एका टोल्यात उघडं पडलं. भट्टीवाल्याचे ओठ अर्धवट उघडे राहिले. त्यालाही सासूची ती नक्कल आठवली असणार.

"ही अशी ऐकते मी," थोरली मोठ्याने म्हणाली. स्वतःचा आवाज तिला छातीत जाणवला, कानात नाही. "मी एकदा बघीन, तू एकदा. दोघींचं जुळलं तर पलीकडे."

दोघींचं जुळत गेलं. हनुवटी, टोला, सुनेकडे. सून वाजवायची, मान हलवायची. साठ झाले, सत्तर झाले. दोन बद्द निघाले, दोघींनाही. ते थोरलीने फोडले.

मग एक वाडगा थोरलीने धड म्हणून पुढे सरकवला. सुनेने वाजवला. पुन्हा वाजवला. आणि टेबलावर दोन बोटांनी दोनदा ठोकलं.

थोरलीने वर बघितलं. सूनबाई नकारार्थी मान हलवत होती.

थोरलीने वाडगा परत घेतला, हनुवटीला लावला. थरथर जात होती. लांब जात होती. तिला तरी वाटत होतं. मुलाने चाक थांबवलं. भट्टीवाला हात पुसत उभा राहिला, जसा नेहमी राहायचा, पण आज त्याला कोणाच्या हाताकडे बघावं ते कळत नव्हतं.

थोरलीने हातोडी उचलली. दांडा सुनेकडे करून टेबलावरून सरकवली.

सुनेचे ओठ हलले. "तुम्हीच," असं काहीतरी.

"तुला कळलं ना? मग मार. सांगणारीनेच फोडायचा असतो."

हातोडी खाली आली. थोरलीला आवाज आला नाही, फक्त टेबल कोपरांना हादरलं आणि तुकडे उडाले. एक तिच्या पुढ्यात आला. तिने तो उचलून उजेडात धरला. पांढऱ्या कडेत, अगदी तळाशी, तपकिरी रेघ होती. केसाहून बारीक.

ती बराच वेळ त्या रेघेवरून अंगठा फिरवत बसली.

"बरोबर," ती म्हणाली.

आणि मग सून बोलायला लागली. मान खाली, हातात हातोडी तशीच. एक वाक्य नव्हतं, चार-पाच असावीत. मध्ये एकदा थांबली, नाक पुसलं, पुन्हा बोलली. दाराबद्दल होतं की दोन वर्षांबद्दल, की सदतीस वाडग्यांबद्दल, की भलत्याच कशाबद्दल, थोरलीला काही म्हणजे काही कळलं नाही. लग्न होऊन आल्यापासून सून एका दमात इतकं बोललेली तिने पाहिली नव्हती. आणि थोरलीने सवयीने मान हलवली. "बरं," म्हणाली.

सुनेने हातोडी खाली ठेवली. पुढच्या वाडग्याकडे तिने हात नेला.

थोरलीला स्वतःचीच लाज वाटली. तिने डबी उघडली. एक मशीन दोनदा निसटलं. कानात बसताना ते शिट्टी मारून उठलं. मारू दे. चाक गरगरायला लागलं, भट्टीचा घुमारा आला.

"काय म्हणालीस?" थोरलीने विचारलं. उभ्या जन्मात पहिल्यांदा. "मी नुसतीच मान हलवली. ऐकलं नव्हतं मी."

सुनेने वर बघितलं. डोळे लाल होते. "काही नाही, आई."

"एवढं मोठं 'काही नाही' नसतं."

"पुढचा घ्या. उशीर होतोय."

थोरलीने पुढचा वाडगा घेतला नाही. त्याच्या काठावर हात ठेवून ती तशीच बसून राहिली, कान उघडे ठेवून.